अंथरूण, भांडी, कपडे

दारावर दोनदा टकटक करायची, तीन पावलं मागे सरकायचं आणि रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. खिशातून सुपारीचं खांड काढून दाढेखाली धरायचं. आतून कुणी "कोण आहे?" असं विचारलं, तर मान न वळवता म्हणायचं, "वेळ घ्या. घाई नाही." आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हे कुणाच्याही दाराशी करत. आमच्याकडे वाटीभर साखर मागायला आले तरी करत, मराठी मंडळाची वर्गणी द्यायला सेक्रेटरीच्या घरी गेले तरी करत, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण संध्याकाळी कचेरीतून स्वतःच्या घरी आले तरीसुद्धा करत.

मग आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, हे आपलंच घर आहे. या आत."

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. भवानीपूरच्या त्या गल्लीत संध्याकाळी सगळेच आपापल्या दारात येऊन हाका मारत, शंख फुंकले जात, कुणाचा तरी रेडिओ खरखरत असे, आणि त्या सगळ्यात काकूंचं ते वाक्य रोज ठरल्या वेळी ऐकू येई. त्यात राग नसायचा. भाजीत मीठ घालावं तसं ते त्या दिवसात पडायचंच.

माझ्या भावाची केंद्र सरकारच्या कचेरीत कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा मी नुकतीच बी. ए. होऊन घरी बसले होते. भाऊ आणि वहिनींबरोबर मीही आले. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी दार उघडलं, तर समोर एका धोतरवाल्या गृहस्थाची पाठ. त्या घाबरून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाहेर एक माणूस आहे, पण तो आपल्याकडे आलाय की परत चाललाय ते कळत नाही." मी फटकळ होते. मी दारात जाऊन म्हटलं, "अहो, आमचं घर इकडे आहे." तेव्हा ते वळले आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "माहीत आहे. खालच्या मजल्यावरून आलोय. तुम्ही मराठी आहात असं कळलं. आमच्या हिने शिरा पाठवलाय."

अगदी शुद्ध म्हटलं खरं, पण त्यांचा जन्म कलकत्त्याचा. वडील रेल्वेत होते आणि इकडेच राहिले. काका कधी कधी "पाणी खातो" म्हणत, बंगालीत तसंच म्हणतात म्हणून. मंडळातली पुण्याहून नवीन आलेली माणसं त्यावर हसत. काकाही हसत आणि पुढच्या वेळी पुन्हा पाणी खात.

ते एका दिवाणी कोर्टात बेलिफ होते. एखाद्यावर पैशाचा हुकूमनामा झाला आणि त्याने पैसे भरले नाहीत, की सावकार कोर्टातून जप्तीचं वॉरंट काढतो. ते घेऊन, छातीवर पितळी बिल्ला लावून त्या माणसाच्या घरी जायचं आणि त्याचं सामान बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. बरोबर सावकाराची माणसं असत, कारण कपाट कुठलं आणि घड्याळ कुठलं ते दाखवायला कुणीतरी लागतं, आणि उचलायलाही लागतं.

मंडळात त्यांना 'जप्ती' म्हणत. गणपतीत ते दारात दिसले की कुणीतरी म्हणे, "चपला आत घ्या रे, जप्ती आली." सगळ्यांत मोठ्याने काकाच हसत. पण हळदीकुंकवाला काकूंना बोलावणं जायचं ते सगळ्यांच्या शेवटी, आणि कधी कधी जायचंच नाही, हे मला वहिनींकडून पुढे कळलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या धंद्याची सावली त्याच्या बायकोच्या कपाळापर्यंत येते.

मी एकदा सरळ विचारलं, "काका, तुम्ही असे उलटे का उभे राहता?"

त्यांना प्रश्न आवडला. कुणी विचारलाच नव्हता, म्हणाले. "कायद्यात लिहिलंय. आत बायका असतील, तर त्यांना आतल्या खोलीत जायला पुरेसा वेळ द्यायचा. पण पुरेसा म्हणजे किती, ते नाही लिहिलेलं. आमच्यातला एक जण दार वाजवतो आणि 'हटो' म्हणून आत शिरतो. त्याच्या मते तेवढं पुरेसं. मी सुपारी धरली. एक खांड चघळून संपेपर्यंत. घड्याळ लावलं तर माणूस घड्याळाकडे बघतो, घाई करतो. सुपारीला घाई करता येत नाही."

"पण आमच्याकडे कुठे जप्ती असते?"

"सवयी दोन ठेवल्या की चूक होते," ते म्हणाले. "एकच ठेवली."

त्यांची आणखी एक गोष्ट होती. काय जप्त करता येत नाही, याची यादी ते बोटांवर म्हणायचे, लहान मूल पाढे म्हणतं तशी. "अंथरूण, भांडी, कपडे, हत्यारं आणि बाईच्या अंगावरचं धर्माचं लेणं." अंथरूण म्हणजे झोपायचं, भांडी म्हणजे स्वयंपाकाची, हत्यारं म्हणजे कारागिराची, ज्यावर त्याचं पोट आहे ती. एवढ्याला कुणाचा बाप हात लावू शकत नाही, ते म्हणत. "लोकांना हेच माहीत नाही. सावकाराचा माणूस चूल उचलायला लागला, तरी लोक बघत उभे राहतात. त्यांना वाटतं, सरकारचा कागद आहे म्हणजे सगळंच गेलं. कुणीतरी हे छापून वाटायला पाहिजे."

नोकरीच्या पहिल्या वर्षांतला एक किस्सा ते नेहमी सांगत. एका मद्रासकडच्या कुटुंबावर जप्ती होती. त्या बाईच्या गळ्यातलं काळ्या मण्यांचं सोन्याचं लेणं सावकाराच्या माणसाने यादीत धरायला सांगितलं. बरोबरच्या बंगाली कारकुनाला धर्माचं लेणं म्हणजे बंगाली सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या आणि लोखंडाचं कडं एवढंच ठाऊक. तो म्हणाला, हे तर नुसतं सोनं आहे, लिहा. बाई रडत होती आणि तिची भाषा कुणाला येत नव्हती. काकांनी वॉरंटाच्या मागे लिहिलं, 'हा यांचा शंख आहे.' बंगाली न्यायाधीशांनी ते वाचलं, चष्मा काढून काकांकडे बघितलं आणि विचारलं, "तुला कसं माहीत?" काका म्हणाले, "हुजूर, माझ्या घरी आहे एक."

हे सांगताना ते आत काकूंकडे बघत आणि काकू पदर सारखा करत.

हिवाळ्यात त्यांचं आणि सावकारांचं नेहमी वाजायचं. सूर्य बुडाल्यावर कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असाही कायदा. कलकत्त्यात डिसेंबरात पाचला दिवेलागण होते. गाडी भाड्याने आणलेली, हमाल उभे, आणि काका समोरच्या ओट्यावर बसून पश्चिमेकडे बघत म्हणत, "सूर्य बुडाला, कोर्ट बुडालं. उद्या." त्या एका रात्रीत कुणी भावाकडून पैसे आणी, कुणी कपाट मेहुण्याकडे पोचवी. काकांना ते कळत नसेल असं नाही.

मी घरी बसून कंटाळले आणि भावाच्या एका ओळखीने एस्प्लनेडजवळच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोकरीला लागले. काम होतं वाचकांच्या पत्रांचं. रोज पोतंभर पत्रं येत. त्यातली निवडायची, छाटायची, इंग्रजी नीट करायचं आणि टाइप करून संपादकांच्या टेबलावर ठेवायची. त्या खात्याचे संपादक वयस्क बंगाली गृहस्थ होते, कमी बोलत आणि लाल पेन्सिल बाळगत. त्यांची पेन्सिल माझ्या कागदाला लागली नाही, की तो दिवस मला चांगला जाई. मला त्या कामाचा गर्व होता. आपण छाटलेलं पत्र दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये कुणीतरी वाचताना दिसलं, की अंगावर मूठभर मांस चढे.

एक दिवस डमडमहून एका मास्तरांचं पत्र आलं. त्यांच्या शेजारी पूर्व बंगालातून आलेलं एक जोडपं राहायचं. नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणावर आणि बायको शिवण करून दोघांचं चालवायची. त्यांच्याकडे जप्ती आली होती. मास्तरांनी लिहिलं होतं की सावकाराच्या माणसांनी आजारी माणसाच्या अंगाखालची सतरंजी ओढली, भाताचं पातेलं भातासकट बाहेर आणलं आणि शिवणाचं यंत्र उचलून नेलं. आत बाई आक्रोश करत होती आणि हे सगळं चाललं असताना कोर्टाचा बेलिफ रस्त्याकडे तोंड करून, सुपारी चघळत उभा होता.

हे वाचून माझं डोकं फिरलं. मी ते पत्र टाइप करायला घेतलं. मास्तरांचं इंग्रजी जड होतं, मी ते धारदार केलं. शेवटी मी माझ्या मनाने चार ओळी जोडल्या, की कायद्याने या वस्तूंना हात लावता येत नाही: अंथरूण, भांडी, कपडे, हत्यारं आणि बाईच्या अंगावरचं धर्माचं लेणं. आणि 'उभा होता' याच्या आधी मी एक शब्द घातला. कॅलस.

आता तुम्ही म्हणाल, अगं, तुला कळलं कसं नाही? मीही तेच म्हणते. रस्त्याकडे तोंड केलेला, सुपारी चघळणारा माणूस मी रोज संध्याकाळी माझ्या खिडकीतून बघत होते. यादीसुद्धा त्याच माणसाकडून ऐकलेली. पण पत्रातला तो बेलिफ होता, आणि खालच्या मजल्यावरचे ते काका होते. त्या दोघांची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही. शपथेवर सांगते, नाही पडली. एवढी वर्षं झाली, अजून मला त्याचं नीट उत्तर सापडत नाही.

पेन्सिल लागली नाही. पत्र वरच्या जागी, चौकटीत आलं.

मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून पत्रांचा ढीग दुप्पट झाला. बराकपूरहून, हावड्याहून, कुठून कुठून लोक लिहू लागले. कुणाचा पाळणा नेला होता, कुणाची कढई, कुणाच्या विधवा आईची गादी. बंगाली वर्तमानपत्रांनी विषय उचलला. एका चौकात सभा झाली. कर्जदार म्हणजे चोर नव्हे, असं एका वकिलाने भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या, त्या मी स्वतः उभी राहून ऐकल्या. बेलिफांच्या वागणुकीची चौकशी व्हावी अशी मागणी झाली. संपादक मला म्हणाले, "चांगलं काम केलंस." ते हे वाक्य वर्षातून एकदा म्हणत.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, भर अकरा वाजता मी जिना उतरत होते, तर काका दारात खुर्ची टाकून बसलेले. मी विचारलं, "आज रजा?"

"रजाच म्हण," ते म्हणाले. "बरं झालं भेटलीस. इंग्रजी तुझं चांगलं आहे. एका शब्दाचा अर्थ सांग. कोर्टातलं इंग्रजी मला येतं, पण हा शब्द कोर्टात लागत नाही."

त्यांनी कागद पुढे केला. टाइप केलेला आरोपांचा कागद होता, त्यांच्या नावाचा. त्याला आमच्या पत्राचं कात्रण टाचलेलं होतं. त्यांचं बोट एका शब्दावर होतं.

मी म्हटलं, "म्हणजे… ज्याच्या मनाला काही लागत नाही, असा. दगड झालेला."

"असं होय," काका म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली. "मला वाटलं, कायद्यातलंच काहीतरी असेल."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ट्राम चुकेल असं म्हणाले आणि गेले.

खरं काय झालं होतं, ते काकूंनी सांगितलं. काकांनी नेहमीप्रमाणे दार वाजवलं आणि तोंड फिरवून सुपारी धरली. सावकाराच्या माणसांना ही सवय पाठ होती. ते मागच्या दाराने आत घुसले. ओरडा ऐकून काका वळेपर्यंत सामान बाहेर आलं होतं. त्यांनी गाडी अडवली, सतरंजी आणि भांडी स्वतःच्या हाताने उतरवून आत नेऊन ठेवली. पण यंत्र आधीच एका रिक्षात घालून पुढे पाठवलेलं. ते कोर्टात आलंच नाही. सावकार म्हणाला, आमच्या माणसांनी यंत्र पाहिलंही नाही. त्या माणसांची नावं कुणाकडे नव्हती. बिल्ला एकट्या काकांच्याच छातीवर होता.

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, दुरुस्ती छापू या. त्यांनी मला बसायला सांगितलं. "पत्रात खोटं काय आहे? तो रस्त्याकडे बघत नव्हता?"

"होता."

"सामान निघालं नाही?"

"निघालं. पण का बघत होता, ते…"

"'का'ची दुरुस्ती छापत नाहीत," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. मला वाटतं, त्यांना वाईटही वाटलं. मग मी एक शब्द मागे घ्यायला सांगितला, तर त्यांनी विचारलं, "तो शब्द मूळ पत्रात होता ना?" मी होय म्हटलं. नोकरी जाईल म्हणून म्हटलं. ही माझी लायकी.

चौकशीत काकांना एकच गोष्ट विचारली, असं त्यांच्याबरोबरच्या एका बेलिफाने येऊन काकूंना सांगितलं. सामान बाहेर जात होतं तेव्हा तुम्ही रस्त्याकडे बघत होता का? काका म्हणाले, "होय." आणखी काही सांगायचंय का? "नाही." निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्यांना नोकरीवरून कमी केलं.

त्यानंतर ते रोज सकाळी जेवून निघत, जणू कचेरीलाच चाललेत. काकूंना वाटलं, दुसरी नोकरी बघत असतील. ते यंत्र शोधत होते. त्या बाईने चौकशीत सांगितलं होतं की यंत्राच्या मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली आहे. जुनी यंत्रं विकणाऱ्या दुकानांतून काका हिरवी चिंधी बघत फिरत. पावसाळा गेला, दुर्गापूजा गेली. चपला दोनदा शिवून आणल्या. यंत्र सापडलं नाही.

मग एका रविवारी मी खाली गेले, तर काकू आपलं शिवणयंत्र पुसत होत्या. हाताने फिरवायचं, लाकडी पेटीतलं. माहेराहून लग्नात आलेलं. सगळ्या गल्लीचे परकर त्यांनी त्यावर शिवले होते. "हे न्या म्हटलं मी त्यांना," काकू मला म्हणाल्या. "मला कुठे आता सुईत दोरा ओवता येतो?" आदल्याच आठवड्यात त्यांनी वहिनींचं पोलकं शिवलं होतं. काकांनी मान खाली घातली आणि पेटीला दोरी बांधायला घेतली. मी म्हटलं, मी बरोबर येते.

ट्रामने एस्प्लनेड आणि तिथून डमडमची बस. बसला वेळ होता. यंत्र दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवून आम्ही उभे होतो. समोर माझी कचेरी. मी म्हटलं, "काका, तो शब्द मास्तरांचा नव्हता. मी घातला होता."

"माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बस येते का बघत होते.

"कात्रण वाचलं तेव्हाच कळलं. यादीवरून. कायद्यात आधी कपडे आहेत, मग भांडी, मग अंथरूण. अंथरूण आधी मीच म्हणतो. माणसाला आधी आडवं व्हायला जागा पाहिजे, बाकीचं सकाळी बघता येतं. असं म्हणणारा सगळ्या कलकत्त्यात दुसरा कुणी नाही."

"मग मला शब्दाचा अर्थ कशाला विचारलात?"

"अर्थ खरंच माहीत नव्हता गं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "यादी छापलीस ते चांगलं केलंस. किती वर्षं मी म्हणत होतो." त्यांनी दोरीची गाठ पुन्हा तपासली. मी तिथे, भर रस्त्यात, रडले. काकांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि माझं आटोपेपर्यंत तसेच उभे राहिले.

डमडमला त्या बाईचं घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. दुपारची वेळ होती. काकांनी दारावर दोनदा टकटक केली, तीन पावलं मागे आले, तोंड फिरवलं आणि सुपारी दाढेखाली धरली. आत फटीतून कुणीतरी बघितलं असावं. लगेच आतून कडी घातल्याचा आवाज आला आणि बाईचा आवाज, "आबार एशेछे!" पुन्हा आलाय.

मी पुढे झाले. माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत दाराला सांगितलं, न्यायला नाही, द्यायला आलोय. बराच वेळ गेला. मग दार उघडलं. तिशीची असेल, हातात शंखाच्या बांगड्या, बोटं सुईने टोचलेली. यंत्र नव्हतं, तर हाताने शिवत होती. आत नवरा खोकत होता. तिने पेटी उघडली, गुडघ्यावर बसून चाक एकदा फिरवून बघितलं. रिळावर काकूंचा गुलाबी दोरा होता. तिने रीळ काढून माझ्या हातात दिलं, म्हणाली, "हे तुमचं." यंत्र आत नेऊन ठेवलं आणि परत दारात आली.

काका तसेच पलीकडे बघत उभे. तिने हनुवटीने त्यांच्याकडे दाखवून मला विचारलं, "हा असा तिकडे तोंड करून का उभा राहतो?"

मी सांगितलं. आतल्या बायकांना आवरायला वेळ मिळावा म्हणून. एक सुपारी संपेपर्यंत. कायद्यात आहे, पण दुसरं कुणी करत नाही.

तिने ऐकून घेतलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. ती म्हणाली, "त्या दिवशी तो वेळ सामान नेणाऱ्यांना मिळाला."

काकांना बंगाली माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांनी तोंडातली सुपारी काढली, रुमालात गुंडाळली आणि रुमाल खिशात ठेवला. मग वळून त्या बाईला हात जोडले आणि बसच्या रस्त्याला लागले. परतीच्या वाटेत ते एकदाच बोलले. "खरं आहे तिचं. सव्वीस वर्षं मला वाटायचं, मी बघत नाही ही माझी चांगली गोष्ट."

त्या दिवसापासून त्यांनी ती सवय सोडली. दाराशी आले की दाराकडेच तोंड करून मोठ्याने सांगत, "मी आहे, मी." काकू लगेच दार उघडत. ते वाक्य म्हणायची वेळच त्यांच्यावर येईना. एकदा त्या मला म्हणाल्या, "गल्लीतल्या सगळ्यांसारखेच ओरडतात आता. बरं वाटत नाही गं." सुपारीचा डबा फळीवर तसाच होता, काका त्याला हात लावत नसत.

पुढच्या वर्षी काही कोर्टांतून भिंतीवर पाट्या लागल्या, बंगालीत आणि इंग्रजीत, की जप्तीत काय काय घेता येत नाही. लोकांनी एवढा गवगवा केला होता, त्याला आलेलं हे फळ. काका ती पाटी बघायला गेले, मला घेऊन. आपल्या जुन्या कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकीचे बेलिफ बघत असताना, त्यांनी बोट लावून एकेक ओळ वाचली. दोन माणसं शेजारी उभी राहून वाचत होती, त्यांतल्या एकाला वाचता येत नव्हतं, तर काकांनी त्याला वाचून दाखवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरोबर आहे ना सगळं?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण अंथरूण तिसरं टाकलंय."

ते गेले तेव्हा थंडी संपत आली होती. आठ दिवसांचा ताप. मंडळातले झाडून सगळे आले. चपला दाराबाहेर काढताना कुणी काही बोललं नाही. पहिले दहा-बारा दिवस खाली माणसांची ये-जा होती, मुलगी-जावई नागपूरहून आले होते. मग ती सगळी गेली. काकू इथेच राहते म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी वहिनींनी काकूंसाठी मऊ खिचडी केली आणि डबा माझ्याकडे दिला. मी कचेरीतून आलेली, तशीच खाली गेले. दारावर दोनदा टकटक केली. नेहमी मी "काकू" म्हणून हाक मारून सरळ आत जायची. त्या दिवशी वाटलं, एकट्या आहेत, पडल्या असतील, पदर सावरतील, डोळे पुसतील. जरा वेळ द्यावा. म्हणून मागे सरकले आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. गल्लीत शंख वाजत होते. कोपऱ्यावरून ट्राम गेली.

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला.

मग काकूंचा आवाज आला. अगदी पूर्वीसारखा.

"अहो, हे आपलंच घर आहे. या आत."

मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणता आलं नाही. गरम डबा हातात धरून मी तशीच रस्त्याकडे बघत उभी राहिले.